ब्लड कॅन्सरचे रुग्ण आणि त्यांचा खोकला

(पाड्यांवर काम करणाऱ्या आरोग्यसेवकांच्या वार्षिक मेळाव्यात आपल्या दवाखान्यातील ज्येष्ठ परिचारिकेने केलेल्या भाषणाचे शब्दांकन. मेळाव्याला येऊ न शकलेल्या कार्यकर्त्यांनी आणि हितचिंतकांनी ते जरूर वाचावे.)



मला आज ब्लड कॅन्सरच्या औषधांविषयी बोलायला सांगितले आहे. मी डॉक्टर नाही. मुंबईच्या एका रुग्णालयात ब्लड कॅन्सरच्या वॉर्डात मी बरीच वर्षे काम केले आणि आता इथे तुमच्याबरोबर काम करते. तिथे पाहिलेले आणि इथे चुकत-माकत शिकलेले, तेवढेच सांगणार आहे. तुमच्यापैकी पुष्कळांना वाटत असेल की कॅन्सर हा मोठ्या दवाखान्याचा विषय, आपला त्यात काय संबंध? संबंध आहे. उपचारातली बरीच वर्षे रुग्ण आपल्या घरी, आपल्या पाड्यावर काढतो. त्याला पहिल्यांदा खोकला येतो तेव्हा तो मुंबईला जात नाही, तुमच्या दारात येतो.

सुरुवात माझ्याच चुकीपासून करते. काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. आपल्या भागातला दहा वर्षांचा मुलगा, आश्रमशाळेत चौथीत शिकणारा. त्याला ल्युकेमिया झाला होता. मुंबईला आठ महिने कडक औषधे घेऊन तो गोळ्यांवर घरी आला. अंगावर मांस चढले होते, केस परत आले होते. आईवडील म्हणत, पोरगा बरा झाला. दिवाळीनंतर सगळे कुटुंब वीटभट्टीवर गेले, तोही गेला. शिमग्याला माणसे परत आली आणि होळीच्या आदल्या दिवशी आई त्याला माझ्याकडे घेऊन आली. चार दिवसांपासून कोरडा खोकला होता. ताप पाहिला, ९९. छातीला नळी लावली, आवाज स्वच्छ. मी खोकल्याचे औषध दिले आणि सांगितले, "सण झाला की या."

तिसऱ्या दिवशी बापाने त्याला पाठीवर घालून आणले. ओठ निळे पडले होते. बोटाला ऑक्सिमीटर लावले, आकडा ८२. पोर एक वाक्य सलग बोलू शकत नव्हते. ऑक्सिजन लावला, १०८ बोलावली, त्याच्या मुंबईच्या वॉर्डात फोन केला. एक्स-रेमध्ये दोन्ही फुफ्फुसे काचेवर धुके बसावे तशी दिसत होती. न्यूमोसिस्टिस नावाचा न्यूमोनिया निघाला. तीन आठवडे शिरेतून औषध चालले, त्यातले अकरा दिवस तो ऑक्सिजनवर होता. वाचला.

पुढे बापाला डॉक्टरांनी समजावले की हा न्यूमोनिया होऊ नये म्हणून त्याला आठवड्यातून दोन दिवस, शनिवारी आणि रविवारी, एक गोळी दिली होती. को-ट्रायमॉक्साझोल तिचे नाव. भट्टीवर ती संपली. ती काही कॅन्सरची गोळी नाही, असे समजून बापाने पुन्हा आणली नव्हती. आता तेच औषध मोठ्या मात्रेत शिरेतून चालू होते. बाप मला म्हणाला, "बाई, हीच गोळी का? जी संपली तीच?" मी हो म्हटले. दोघेही बराच वेळ काही बोललो नाही. गोळी त्याच्याकडून चुकली होती, पण खोकला माझ्याकडून चुकला होता. दुसऱ्या कोणाकडून असा खोकला सुटू नये म्हणून हे सांगते आहे.

आता थोडे मुळापासून पाहू.

आपल्या हाडांच्या पोकळीत जो मगज असतो त्यात रक्त तयार होते. ल्युकेमियामध्ये तिथे कच्च्या, बिनकामाच्या पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात. शेतात तण माजले की भाताला जागा उरत नाही, तसे होते. चांगल्या पांढऱ्या पेशी कमी होतात म्हणून ताप येतो, तांबड्या पेशी कमी होतात म्हणून अंग पांढरे पडते, प्लेटलेट कमी होतात म्हणून हिरड्यांतून रक्त येते. मुलांमध्ये जितके कॅन्सर होतात त्यांत ल्युकेमिया सर्वांत जास्त आढळतो आणि नीट, पूर्ण उपचार झाले तर त्यातली बहुसंख्य मुले बरी होऊ शकतात. उपचार दोन ते तीन वर्षे चालतात. सुरुवातीचे महिने कडक औषधांचे. नंतरचा मोठा काळ गोळ्यांचा: सहा-मर्कॅप्टोप्युरिन रोज आणि मेथोट्रेक्झेट आठवड्यातून एकदा. हा गोळ्यांचा काळ आपल्या पाड्यावर जातो.

मेथोट्रेक्झेटची गोष्ट सांगते, कारण तिची सुरुवात आपल्या जवळच झाली. १९२८ साली ल्युसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईला आल्या. कापडगिरण्यांत काम करणाऱ्या गरीब बायकांना गरोदरपणात भयंकर रक्तक्षय होत असे, त्याचे कारण त्या शोधत होत्या. यीस्टच्या अर्कातल्या एका घटकाने या बायका सुधारतात हे त्यांनी दाखवले आणि १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. तो घटक म्हणजेच पुढे ज्याला फॉलिक अॅसिड म्हणू लागले ते. आज आपण गरोदर बाईला देतो त्या लोह-फॉलिकच्या गोळीत तेच आहे. नंतर अमेरिकेत बोस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांच्या लक्षात आले की ल्युकेमियाच्या मुलांना फॉलिक अॅसिड दिले तर आजार उलट वाढतो. मग त्याच्या विरुद्ध काम करणारे औषध दिले तर? असे औषध ज्या कंपनीत तयार झाले तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते आंध्रच्या भीमावरमचे डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव. १९४८ मध्ये फार्बर यांनी जाहीर केले की या औषधाने काही मुलांचा आजार काही काळ मागे हटला. तोपर्यंत ल्युकेमियावर असे काहीच नव्हते. मेथोट्रेक्झेट त्याच घराण्यातले औषध आहे. मुंबईच्या गिरणीतल्या बायकांपासून निघालेला धागा आपल्या पाड्यावरच्या पोराच्या गोळीपर्यंत येतो.

हे सांगण्याचे कारण एवढेच की औषध परके नाही आणि विषही नाही. पण ते वाढणाऱ्या पेशींना मारते आणि त्यात शरीराच्या चांगल्या पेशीही सापडतात. म्हणून जपावे लागते. आणि सगळ्यात जास्त जपावे लागते छातीला.

छातीलाच का? आपण दिवसभर जी हवा घेतो तिच्यात धूळ, जंतू, बुरशी सगळे असते. निरोगी माणसाच्या फुफ्फुसात पांढऱ्या पेशींचा पहारा असतो. औषधाने पहारा उठला की जे रोज आत येते आणि मरते, तेच आत रुजते. शिवाय काही औषधे स्वतःच फुफ्फुसाला सूज आणतात. ढोबळपणे पाच प्रकार लक्षात ठेवा.

पहिला, नेहमीच्या जंतूंचा न्यूमोनिया. पांढऱ्या पेशी अगदी खाली असताना तो काही तासांत पसरतो. अशा रुग्णाला ताप आला तर दवाखान्यात पोचल्यापासून तासाभरात शिरेतून प्रतिजैविक सुरू झाले पाहिजे, असा नियम आहे. उद्या सकाळची गाडी बघू, असे तिथे चालत नाही.

दुसरा, न्यूमोसिस्टिस, जो माझ्या त्या मुलाला झाला. यात खोकला कोरडा असतो, ताप कधी कधी थोडाच असतो, नळीने छाती स्वच्छ वाटते आणि दम मात्र वाढत जातो. १९७७ मध्ये अमेरिकेतल्या मेम्फिस शहरातल्या मुलांच्या रुग्णालयातून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. एकशेसाठ मुलांचा. को-ट्रायमॉक्साझोल न मिळालेल्या ८० मुलांपैकी १७ जणांना हा न्यूमोनिया झाला, मिळालेल्या ८० पैकी एकालाही नाही. आपल्या भागात ही गोळी स्वस्त आहे, सरकारी दवाखान्यातही असते. मात्र ती आपल्या मनाने कोणी सुरू करायची नाही. मेथोट्रेक्झेटबरोबर ती जास्त झाली तर रक्तपेशी खाली येऊ शकतात. मोठ्या दवाखान्याने जितकी आणि ज्या दिवशी सांगितली तितकीच, पण न चुकता.

तिसरा, बुरशी. सडलेला पेंढा, ओले गवत, उकिरडा, जुनी भिंत पाडताना उडणारी धूळ, यांत बुरशीचे कण असतात. तुम्हा-आम्हाला काही होत नाही. पेशी खाली असलेल्या रुग्णाच्या फुफ्फुसात ती वाढते, छातीत दुखते, कधी खोकल्यातून रक्त येते. म्हणून या रुग्णाला खळ्यावर मळणीला बसवू नका, गोठा झाडायला लावू नका, वीटभट्टीच्या राखेत आणि धुळीत ठेवू नका. चुलीच्या धुराच्या खोलीतही त्याचे अंथरूण नको.

चौथा, गोवर आणि कांजिण्या. आश्रमशाळेत एका मुलाला आल्या की दहांना येतात, आपण कडुनिंबाचा पाला ठेवतो आणि मुले बरी होतात. ल्युकेमियाच्या मुलाला त्यातून जीवघेणा न्यूमोनिया होऊ शकतो, आणि गोवरात अंगावर पुरळ न येताही होऊ शकतो. म्हणून पुरळ यायची वाट पाहायची नाही. शाळेत किंवा शेजारी कोणाला गोवर, कांजिण्या झाल्या आणि आपला रुग्ण त्याच्या जवळ गेला होता, एवढे कळले तरी त्याच दिवशी त्याच्या दवाखान्याला फोन करा. पहिल्या काही दिवसांतच प्रतिबंधाचा उपाय करता येतो.

पाचवा प्रकार म्हणजे औषधाचाच परिणाम. तो नीट समजून घेऊ, कारण इथे घरच्यांचा विश्वास तुटतो.

मेथोट्रेक्झेटमुळे काहींच्या फुफ्फुसाला सूज येते. कोरडा खोकला, ताप, दम. जंतूंच्या न्यूमोनियासारखेच दिसते, ओळखायला तपासण्याच लागतात. योग्य मात्रेतही क्वचित असे होते. पण मात्रा चुकली तर सगळेच बिघडते. मुंबईच्या वॉर्डातली एक मुलगी मी विसरत नाही. गोळी आठवड्यातून एकदा द्यायची होती. चिठ्ठी इंग्रजीत होती. घरी आजीने माया म्हणून रोज एक दिली, नऊ दिवस. तोंड आतून सोलले, पेशी शून्यावर आल्या, न्यूमोनिया झाला. तिला आम्ही वाचवू शकलो नाही. आजी वॉर्डाच्या दारात बसून सारखे एकच विचारायची, "मी एकही दिवस चुकवला नाही हो." तिचे खरे होते. तिला कोणी तिच्या भाषेत सांगितलेच नव्हते. सुट्टी देताना ती चिठ्ठी देणाऱ्यांत आमचाच वॉर्ड होता, मी होते.

त्यानंतर मी एक पद्धत ठेवली आहे आणि तुम्हीही ठेवा. आठवड्याची गोळी वारावर सांगू नका, बाजाराच्या दिवसावर सांगा. "बाजारात जाऊन आलीस, जेवण झाले, की ही गोळी. पुन्हा पुढच्या बाजाराला." आपल्या आया वार विसरतील, बाजार विसरत नाहीत. पण मंडळी भट्टीवर गेली की तिथे हा बाजार नसतो. तिथे आठवड्याची खर्ची मिळते. मग जायच्या आधी सांगायचे, "आता खर्चीच्या दिवशी." मेथोट्रेक्झेटच्या गोळ्या वेगळ्या डबीत, डबीला लाल दोरा बांधून ठेवा. रोजच्या गोळ्यांत त्या मिसळू देऊ नका. आणि रोज दिली गेली असे कळले किंवा नुसता संशय आला, तरी पुढची गोळी देण्याआधी दवाखान्याला फोन. यावर उतारा आहे, पण तो लवकर द्यावा लागतो.

दुसरे उदाहरण एका वेगळ्या ल्युकेमियाचे. प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया असा एक प्रकार आहे. पूर्वी त्यात रक्तस्राव होऊन माणूस काही दिवसांत जात असे. १९८५ पासून चीनमध्ये शांघायच्या डॉ. वांग झेन-यी यांनी त्यावर 'अ' जीवनसत्त्वाच्या जातीचे एक औषध वापरले. चीनमधल्याच हार्बिन शहरातून दुसरे औषध आले, ते म्हणजे आर्सेनिक, आपल्या वैदूंच्या भाषेत सोमल. शुद्ध करून, मोजून, शिरेतून दिलेले. आपल्याकडे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी नुसत्या आर्सेनिकवर रुग्ण दीर्घकाळ बरे राहतात हे २००६ मध्ये दाखवून दिले, आणि गरीब रुग्णांना त्याचा मोठा आधार झाला. म्हणून कोणी बाजारातला सोमल खायचा नाही, हेही इथेच सांगते. तो जीव घेतो.

ही औषधे कच्च्या पेशींना मोठे करतात, पिकवतात. पण पहिल्या तीन आठवड्यांत काही रुग्णांत या पिकणाऱ्या पेशी फुफ्फुसात शिरतात, केशवाहिन्यांतून पाणी झिरपते. ताप येतो, दम लागतो, पाय सुजतात, दोन-चार दिवसांत वजन वाढते. काही अभ्यासांत साधारण चौघांमागे एका रुग्णाला हे झालेले आढळले आहे. डॉक्टर याला डिफरन्शिएशन सिंड्रोम म्हणतात. नुसता संशय आला तरी डेक्सामेथासोन नावाचे स्टेरॉइड लगेच सुरू करतात आणि बहुतेक रुग्ण त्यातून सावरतात.

वॉर्डात अशी एक बाई होती, बावीस-तेवीस वर्षांची, आपल्यासारख्याच डोंगराळ भागातली. आली तेव्हा हिरड्यांतून रक्त वाहत होते. औषध सुरू झाले, रक्त थांबले, घरचे आनंदले. दहाव्या दिवशी तिला धाप लागली. नवरा आणि सासरा माझ्यासमोर हात जोडून उभे राहिले. "सिस्टर, आली तेव्हा ती चालत आली होती. तुमच्या औषधानेच तिचा श्वास गेला. आम्ही तिला घरी नेतो. मरायचे तर घरी मरू दे." मी त्यांना दटावले नाही. कारण ते जे बोलत होते त्यातले अर्धे खरे होते, औषधानेच झाले होते. तेच मी त्यांना सांगितले. "हो, औषधाने झाले. आम्हाला हे होऊ शकते हे माहीत होते, तुम्हाला आधी सांगायला हवे होते. याच्यावर सुई आहे, ती चालू केली आहे. मला दोन दिवस द्या." सासरा जमिनीवर बसला आणि म्हणाला, "दोन दिवस." दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती उशीला टेकून चहा प्यायली. पुढे कितीतरी दिवस तपासणीला येत राहिली.

माझ्या अनुभवात घरी नेलेल्या रुग्णांपैकी बहुतेक औषधावर रागावून नेलेले असतात. आणि राग येतो कारण आधी कोणी सांगितलेले नसते. म्हणून आपण आधी सांगायचे. औषधाने त्रास झाला तर ते औषध गुपचूप बंद करायचे नसते, दवाखान्याला कळवायचे असते. बंद करायचे, कमी करायचे की बदलायचे, ते तिथले डॉक्टर ठरवतील.

मोठ्या माणसांत दिसणारा एक जुनाट ल्युकेमिया आहे, त्यावर इमॅटिनिब, डासाटिनिब अशा रोजच्या गोळ्या वर्षानुवर्षे चालतात. इमॅटिनिबने डोळ्यांभोवती सूज येते, ती बहुधा किरकोळ असते. डासाटिनिबने मात्र काहींच्या फुफ्फुसाभोवती पाणी जमते. आडवे झाले की दम लागतो, माणूस बसून झोपतो. तुमच्या पाड्यावर अशा गोळ्या घेणारा कोणी उशा रचून झोपू लागला, तर विचारपूस करा.

आता टीबीविषयी. आपल्या भागात खोकला म्हटला की आधी टीबी आठवतो, आणि ते बरोबरच आहे. ल्युकेमियाच्या रुग्णाला टीबी होऊही शकतो. थुंकी तपासायलाच हवी. पण थुंकीचा निकाल येईपर्यंत त्याला घरी बसवणे किंवा एक्स-रेवर डाग दिसला म्हणून नुसते टीबीचे औषध देऊन महिनाभर वाट पाहणे, यात रुग्ण हातचा जातो. थुंकी द्या आणि त्याच दिवशी त्याच्या कॅन्सरच्या दवाखान्यालाही कळवा. दोन्ही कामे बरोबर.

आता तुमच्या हातात काय आहे ते सांगते.

श्वास मोजा. मूल शांत असताना, पूर्ण एक मिनिट, पोट वर-खाली होताना. पाच वर्षांपुढच्या मुलाचे किंवा मोठ्या माणसाचे शांत बसलेले असताना तीसच्या वर श्वास गेले तर ती धोक्याची खूण. एक ते पाच वर्षांच्या मुलाला चाळीस किंवा त्याहून जास्त.

ऑक्सिमीटर लावा. बसून एकदा, आणि चालता येत असेल तर अंगणात दोन-तीन मिनिटे चालवून पुन्हा एकदा. न्यूमोसिस्टिसमध्ये बसलेला आकडा बरा असतो आणि चालल्यावर घसरतो. मी त्या दिवशी त्या मुलाला अंगणात चालवले असते तर मला कळले असते. ९४ किंवा खाली आकडा असेल किंवा चालल्यावर तीनने घसरला, तर थांबायचे नाही. बोट गार असेल तर चोळून गरम करा, नखाला रंग असेल तर पुसा. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. काळ्यासावळ्या कातडीवर हे यंत्र कधी कधी असतो त्यापेक्षा जास्त आकडा दाखवते. आपली माणसे सावळी आहेत. तेव्हा आकडा चांगला आणि माणूस मात्र धापा टाकतो आहे, असे असेल तर माणसावर विश्वास ठेवा.

ताप मोजा, आणि पॅरासिटामॉल देण्याआधी मोजा. १००.४ किंवा वर असेल तर तो या रुग्णाचा तातडीचा ताप समजा. पण ताप नाही म्हणून निर्धास्त राहू नका. जो स्टेरॉइड घेतो त्याचा ताप झाकला जातो.

काय करायचे नाही तेही ऐका. कमरेत किंवा दंडात सुई मारायची नाही, प्लेटलेट कमी असतील तर आत रक्त साकळते. अॅस्पिरिन, आयबुप्रोफेन द्यायचे नाही. वाफ, काढा, लेप यांसाठी कोणी आग्रह केला तर भांडू नका, पण त्यात एक दिवसही घालवू नका. आणि सण झाला की या, असे माझ्यासारखे म्हणू नका.

निघताना फाईल बरोबर हवी. ती प्लास्टिकच्या पिशवीत घालून वाशाला टांगून ठेवायला सांगा, म्हणजे पावसाने आणि उंदरांनी खराब होत नाही. फाईलच्या पहिल्या पानावर मराठीत मोठ्या अक्षरांत लिहा: आजाराचे नाव, औषधे, गोळीचा दिवस, वॉर्डाचा फोन. १०८ ला सांगताना नुसता खोकला म्हणू नका, "ब्लड कॅन्सरचे औषध चालू आहे आणि दम लागतो आहे" असे सांगा. जवळच्या रुग्णालयात पोचल्यावर तिथल्या डॉक्टरांनाही पहिले वाक्य हेच. रेशनकार्ड आणि आधार घ्या, महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार बसतात. एसटी आणि रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला प्रवासात सवलत आहे, तिचे कागद मोठ्या दवाखान्यातले समाजसेवक करून देतात. हे कागद गरज पडायच्या आधी करून ठेवा.

शेवटचे, भगतांविषयी. माझ्या त्या मुलाला त्या तीन दिवसांत घरच्यांनी भगताकडेही नेले होते, हे मला मागाहून कळले. मी रागाने त्याच्या घरी गेले. तो म्हणाला, "बाई, मी तर सांगितले, हे माझ्याकडचे नाही, दवाखान्यात न्या. ते म्हणाले, दवाखान्यात जाऊन आलो, बाईने सणानंतर बोलावले आहे." मी मान खाली घालून परत आले. तेव्हापासून त्यांच्याशी माझे बोलणे चालू आहे. कॅन्सरची गोळी घेणारा कोणी खोकत आला तर ते आधी माझ्याकडे पाठवतात. तुमच्या पाड्यावरच्या भगताला, सुईणीला, भट्टीच्या मुकादमालाही एवढे एक वाक्य सांगून ठेवा.

आपल्या कामाच्या भागात आज असे किती रुग्ण गोळ्यांवर घरी आहेत, त्यांची यादी प्रत्येकाने या महिन्यात करायची आहे. नाव, पाडा, आजार, गोळीचा दिवस, आणि स्थलांतराला जाणार असतील तर कुठल्या भट्टीवर, कोणाबरोबर. जायच्या आधी पुरेशा गोळ्या बांधून द्यायच्या. प्रत्येक कार्यकर्त्याजवळ चालू ऑक्सिमीटर आणि तापमापक हवा. त्यांचे सेल संपलेले असतात, ते आजच तपासा. ज्या हितचिंतकांनी मागच्या वर्षी ही यंत्रे दिली त्यांचे मी मनापासून आभार मानते. अजून काही पाडे बाकी आहेत, तेही आपल्या मदतीने पुरे होतील अशी आशा आहे.

तो मुलगा आता आठवीत आहे. त्याचे उपचार पूर्ण झाले. मागच्या पावसाळ्यात तो बहिणीला घेऊन दवाखान्यात आला. तिला साधा पडसे-खोकला होता. मी औषध लिहून देत होते, तर तो म्हणाला, "बाई, तिला आधी अंगणात चालवून बघा ना." मी तिला चालवले. आकडा ९८ होता. तुम्हीही चालवून बघत जा.